विद्यापीठाच्या इमारतीचं छत: आधी पाण्याची वाट, मग उन्हाची, स्लॅब त्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर-धाराशिव पट्ट्यात विद्यापीठाच्या आवारात तळमजला अधिक तीन मजल्यांची शैक्षणिक इमारत व्हायची आहे. मुख्य भाग ६० मीटर लांब, १८ मीटर रुंद. त्याला लागून ६०० आसनांचं सभागृह. जमीन काळी. बांधकाम समितीत दोन तट पडलेत: एकाला सगळीकडे सपाट स्लॅब आणि वर ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवायला आणि उतार द्यायला विटांच्या तुकड्यांचा घोटीव थर) हवा, दुसऱ्याचं म्हणणं, आवारातल्या जुन्या इमारती गळतातच, मग पहिल्या दिवसापासून सगळ्यावर पत्रा टाकून मोकळे होऊ. शिवाय वरच्या मजल्यावरचे वर्ग एप्रिल-मेमध्ये बसण्यासारखे कसे राहतील, हेही विचारलं आहे.

उत्तर आधी देतो, कारणं मागून. मुख्य इमारतीवर आरसीसी स्लॅबच घ्या, पण तो ओततानाच उतारात ओता आणि कोबा टाळा. सभागृहावर पत्रा घ्या, कारण २४ मीटरच्या गाळ्यावर, म्हणजे मध्ये खांब नसलेल्या रुंदीवर, स्लॅब ओतण्यात शहाणपण नाही. आणि हे ठरवण्याआधी छताचा एक नकाशा काढा ज्यात फक्त पाणी कुठून कुठे जातं एवढंच दाखवलेलं असेल. बहुतेक निविदांमध्ये हा नकाशा नसतो. वास्तुविशारद गच्चीचा आराखडा देतो, त्यावर चार कोपऱ्यांत चार गोल काढून ‘रे.वॉ.पा.’ (रेन वॉटर पाइप) लिहिलेलं असतं, आणि बाकीचं मिस्त्रीवर सोडलेलं असतं. पुढची तीस वर्षं जी गळती चालते तिचा उगम तिथे आहे.

मराठवाड्यात पाऊस कमी म्हणून छताचं पाणी हलक्यात घेतलं जातं. वर्षाची सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटर, हे खरं. पण छताला वर्षाच्या आकड्याशी देणंघेणं नाही, त्याला तासाचा आकडा लागतो. वळवाचा किंवा परतीचा पाऊस अर्ध्या तासात जे ओततो त्यावर पाइप ठरतात. सार्वजनिक इमारतीसाठी ताशी १०० मिलिमीटरपेक्षा कमी धरू नका. हिशेब सोपा आहे: ६० गुणिले १८ म्हणजे १०८० चौरस मीटर छत, त्यावर ताशी १०० मिलिमीटर म्हणजे तासाला १०८ घनमीटर, सेकंदाला ३० लिटर. १०० मिलिमीटर व्यासाचा उभा पाइप या तीव्रतेला साधारण ४० चौरस मीटर छत सांभाळतो, १५० मिलिमीटरचा सुमारे १२५. म्हणजे लहान पाइप घेतले तर २७ लागतील, मोठे घेतले तर ९. चार कोपऱ्यांतले चार पाइप कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. १५० चे १० घ्या, दोन्ही लांब बाजूंना पाच-पाच, म्हणजे दर १२ मीटरला एक. एखादा तुंबला तरी शेजारचा ओढून नेतो.

प्रत्येक पाइपाजवळ कठड्यातून आरपार एक जादा पन्हळही ठेवा. तिचा तळ पाइपाच्या तोंडापासून ५० मिलिमीटर उंच असावा आणि ती भिंतीच्या बाहेर किमान १५० मिलिमीटर निघालेली असावी. एरवी ती कोरडी असते. तिच्यातून पाणी पडताना दिसलं की खालचा शिपाईसुद्धा ओळखतो की पाइप तुंबलाय. तुंबवणारे तेच ठरलेले: कडुनिंबाचा पाला, पारव्यांची घरटी, संक्रांतीच्या पतंगांचा मांजा, आणि बांधकामाच्या शेवटच्या आठवड्यात रंगाऱ्याने टाकलेला डबा.

पाइपाच्या तोंडाशी जरा थांबू, कारण निम्मी गळती इथली. चुकीची पद्धत अशी: स्लॅब ओतून झाल्यावर प्लंबर येतो, छिन्नी-हातोड्याने भोक पाडतो, पाइप घालतो, भोवती सिमेंट थापतो. पीव्हीसीला सिमेंट चिकटत नाही, दोघांचं प्रसरणही वेगळं, म्हणून दुसऱ्या उन्हाळ्यात पाइपाभोवती केसाएवढी गोल चीर पडते आणि पाणी पाइपाच्या बाहेरून खाली उतरतं. बरोबर पद्धत: सळई बांधतानाच बाहेरून कडं असलेला पाइपाचा तुकडा सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीटच्या साच्यावर, बसवून काँक्रीटमध्ये गाडायचा. त्याच्याभोवती ४५० बाय ४५० मिलिमीटरचा चौकोन आजूबाजूपेक्षा २५ मिलिमीटर खोल ठेवायचा. जलरोधक थर त्या चौकोनात उतरवून पाइपाच्या घशात १०० मिलिमीटर आतपर्यंत वळवायचा. वर सपाट जाळी नको, एका पानाने ती बंद होते. घुमटासारखी उंच जाळी हवी. आणि पाइप भिंतीत किंवा कॉलममध्ये कधीही गाडू नका. दर्शनी बाजू ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून वास्तुविशारद आग्रह धरतो. त्याला बाहेरून उभा खाचा करून द्यायला सांगा, पाइप त्यात उघडा राहू दे.

आता उतार. ६० बाय १८ च्या छताचा कणा, म्हणजे सगळ्यात उंच रेषा, रुंदीच्या मधोमध लांबीभर घेतला की दोन्हीकडे ९ मीटरची धाव मिळते. कोब्याने १:१०० उतार द्यायचा तर पाइपाशी ६० मिलिमीटर आणि कण्यावर १५० मिलिमीटर जाडी होते, सरासरी १०५. कोब्याचं वजन घनमीटरला साधारण दोन टन धरा: चौरस मीटरला २१० किलो, पूर्ण छतावर सव्वादोनशे टनांच्या पुढे. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीवर भारतीय मानक चौरस मीटरला १५० किलो चल भार, म्हणजे ये-जा करणारं वजन, धरायला सांगतं. म्हणजे नुसता उतार देण्यासाठी आपण माणसांपेक्षा जास्त वजन कायमचं वर चढवून ठेवतो.

या पट्ट्यात हे वजन कुणी हलक्यात घेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंपात जी हानी झाली त्यात दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं माळवद यांचा वाटा मोठा होता. अर्धा मीटर माती म्हणजे चौरस मीटरला ८०० किलोच्या आसपास. माळवद उन्हाला उत्तम होतं, त्याबद्दल वाद नाही. पण जमीन आडवी हलली की वरचं वजन जेवढं जास्त तेवढा भिंतींवरचा धक्का मोठा. तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. पुढे नकाशा बदलला. भूकंपाचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत लातूर-धाराशिव तिसऱ्या क्षेत्रात आहेत, औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर दुसऱ्या. संरचना अभियंत्याने चालू आवृत्ती बघूनच गणित करावं, जुन्या इमारतीचं गणित उचलून चिकटवू नये.

म्हणून उतार काँक्रीटमध्येच द्या. तुळयांचे माथे उतारात, सेंट्रिंग उतारात, स्लॅबची जाडी सगळीकडे सारखी १५० मिलिमीटर. कागदावर १:८० लिहा, म्हणजे गवंड्याच्या हातच्या चुका आणि स्लॅबचा झोळ वजा जाऊन प्रत्यक्षात १:१०० मिळतो. ९ मीटरला ११२ मिलिमीटरचा फरक खालच्या वर्गात उभ्या माणसाला कळतही नाही. सेंट्रिंग झाल्यावर ठेकेदाराला पाण्याच्या नळीने दर तीन मीटरला लेव्हल काढायला लावा आणि आकडे नोंदवहीत सही करून घ्या. काँक्रीट पडल्यावर हे दुरुस्त होत नाही.

कोब्याबद्दल आणखी एक राग आहे तो सांगून टाकतो. विटांचे तुकडे पाणी पितात. वरच्या घोटीव थराला चीर पडली की पाणी तुकड्यांत साठतं, आडवं पसरतं आणि जिथे स्लॅबला भोक सापडेल तिथून महिन्यांनी खाली येतं. गळती दिसते परीक्षा विभागात, चीर असते वीस मीटर दूर ग्रंथालयाच्या डोक्यावर. मग दर उन्हाळ्यात कुणीतरी वेगळ्याच जागी केमिकल फासतं. लहान घराच्या गच्चीवर, चांगल्या मिस्त्रीच्या हातून कोबा चालतो. हजार चौरस मीटरच्या सार्वजनिक छतावर नको.

कोब्याऐवजी काय, तर खालून वर हा क्रम: उतारातला स्लॅब, त्यावर जलरोधक थर, म्हणजे दोन घटकांचं पॉलियुरेथेन दीड मिलिमीटर किंवा गरम करून चिकटवायची चार मिलिमीटरची एपीपी (डांबरी) चादर, त्यावर ८० मिलिमीटर एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फेसाळ प्लास्टिकचे) तक्ते, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर ५० मिलिमीटरचा जाळी घातलेला काँक्रीटचा थर, तीन बाय तीन मीटरच्या चौकटींत तोडलेला, आणि सगळ्यात वर पांढरी परावर्तक फरशी किंवा चायना मोझॅक. जलरोधक थर उष्णतारोधकाच्या खाली गेला की ऊन त्याला लागत नाही, चपला-शिड्या लागत नाहीत, त्याचं आयुष्य वाढतं. एक्सपीएसच्या जागी साधा थर्माकोल घेऊ नका. दिसायला सारखाच, दर कमी, पण तो पाणी शोषतो आणि मग उष्णता अडवायचं सोडून देतो. निविदेत ‘इन्सुलेशन’ एवढाच शब्द असेल तर थर्माकोलच येईल. घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर आणि प्रकार दोन्ही लिहा.

जलरोधक थर कठड्याशी नीट संपवणं हे पाइपाच्या तोंडाइतकंच नाजूक काम. वीटबांधणीचा कठडा स्लॅबवर नुसता उभा केला की स्लॅब उन्हाने सरकतो, कठडा सरकत नाही, आणि दोघांच्या सांध्यावर आडवी चीर इमारतभर फिरते. बाहेरच्या बाजूने शेवाळाची काळी रेघ दिसते ती हीच. उपाय: स्लॅबबरोबरच, एकाच ओतकामात, कडेने ३०० मिलिमीटर उंच आरसीसीची पाळ ओता, वीट त्यावर. पाळ आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात ७५ मिलिमीटरचा गोल वाटा मारा, म्हणजे कोपरा मॉर्टारने गोलाकार भरा, कारण चादर काटकोनात वळवली की तिथेच फाटते. चादर वाट्यावरून पाळीवर चढवून खाचेत अडकवा आणि खाच सीलंटने भरा. पाळीची उंची ठरवताना वरचे सगळे थर मोजा. ८० अधिक ५० अधिक फरशी म्हणजे दीडशे मिलिमीटर तिथेच गेले. वर आणखी १५० उरायला हवेत.

लांबीचं बघू. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला दशलक्षात साधारण १० भाग वाढतं. उघडा स्लॅब मेमध्ये दुपारी ६० अंशांच्या पुढे तापतो आणि पहाटे २५ पर्यंत उतरतो. ४० अंशांचा फरक धरला तर ६० मीटरच्या स्लॅबमध्ये २४ मिलिमीटर हालचाल होते. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्यानुसार ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला प्रसरण सांध्याचा विचार करावाच लागतो. ३० मीटरचे दोन भाग करा. तापमानासाठी २५ मिलिमीटर फट पुरते. भूकंपात दोन भाग एकमेकांवर आपटू नयेत म्हणून चार मजल्यांना ती ५० ते ८० पर्यंतही निघेल, ते संरचना अभियंता सांगेल. फटीत काहीही भरून वर पट्टी मारणं म्हणजे गळतीला आमंत्रण. फटीच्या दोन्ही बाजूंना स्लॅबबरोबर ओतलेल्या २५० ते ३०० मिलिमीटर उंच पाळ्या हव्यात, आणि वरून दोन्हींना झाकणारी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची टोपी, जी एकाच बाजूला स्क्रूने बसवलेली आणि दुसऱ्या बाजूला मोकळी असेल. दोन्ही बाजूंना स्क्रू मारले की पहिल्याच वर्षी ती वाकते. इथे उताराचा नकाशा पुन्हा उपयोगी पडतो: उतार असा लावा की सांधा उंचावर येईल आणि पाणी त्याच्यापासून दूर पळेल.

उन्हाचा प्रश्न. १५० मिलिमीटरच्या स्लॅबमधून उष्णता खाली यायला साधारण चार तास लागतात. दुपारी एकची झळ छताच्या आतल्या बाजूला पाचला पोचते, आणि रात्रभर स्लॅब खाली उष्णता सोडत राहतो. म्हणून दहा ते पाच चालणाऱ्या वर्गापेक्षा रात्री उघडी असणारी अभ्यासिका वरच्या मजल्यावर जास्त भाजते. अभ्यासिका पहिल्या मजल्यावर आणा, वर अभिलेख, भांडार, सकाळचे वर्ग ठेवा. निम्मा प्रश्न तिथेच, एक रुपया न घालता सुटतो.

उरलेल्यासाठी ते ८० मिलिमीटर एक्सपीएस. उघड्या स्लॅबचा उष्णता-वहनांक, म्हणजे त्यातून किती उष्णता आरपार जाते त्याचं माप, ३ वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंशाच्या पुढे असतो. ५० मिलिमीटर एक्सपीएसने तो अर्ध्या वॉटच्या आसपास येतो, ८० ने ०.३३ वर. हाच ०.३३ चा आकडा ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत आहे, म्हणून ८०. छताच्या आतून फॉल्स सीलिंगवर हाच माल टाकला तर खोली थोडी वाचते पण स्लॅब तापतच राहतो, सरकतच राहतो. उष्णतारोधक स्लॅबच्या वरच हवा. पांढरी फरशी स्वस्तात खूप काम करते, मात्र आपल्याकडची धूळ बसली की ती करडी होते. होळीच्या सुमारास एकदा धुवायची तरतूद देखभालीत धरा.

औरंगाबादच्या पाणचक्कीत मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे; वर पाणी, खाली गारवा. आज कुणी गच्चीवर हौद बांधा म्हणणार नाही. पण उन्हाला स्लॅबपर्यंत पोचूच न देणं ही युक्ती सौर पॅनेल करतात. किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर जागा धरा. निम्म्याहून थोडं अधिक, ६०० चौरस मीटर छत झाकलं तर ६० किलोवॉट बसतात आणि तेवढ्या स्लॅबवर सावलीही पडते. अट एवढीच की पॅनेलचे पाय आत्ताच ठरले पाहिजेत. तुळईच्या रेषेवर, स्लॅबबरोबर ओतलेले ३०० मिलिमीटर उंच खुंट, त्यांच्याभोवती जलरोधक थर चढवलेला. ते न करता तीन वर्षांनी सौरवाला आला तर तो चादरीतून बोल्ट मारून जाईल. एसीची बाहेरची यंत्रं, पाण्याच्या टाक्या, इंटरनेटचे खांब यांचीही तीच गत; साहेबांच्या दालनाच्या एका एसीने अख्ख्या छताची हमी रद्द झालेली असते. टाक्यांसाठी, यंत्रांसाठी जादा आठ-दहा खुंट मोकळे ठेवून द्या, कामी येतात.

सभागृहाचं छत वेगळ्या जातीचं. २४ मीटरचा गाळा, मधोमध कणा, दोन्हीकडे १२ मीटर, उतार १:१०. म्हणजे कणा १.२ मीटर उंच. १२ मीटरचा पत्रा ट्रेलरवरून अखंड येतो, त्यामुळे उतारात आडवा जोडच येत नाही. अर्धा मिलिमीटर जाड, जस्त-ॲल्युमिनियम मुलामा १५० ग्रॅम प्रति चौरस मीटर, वर रंग.

पत्रा गळण्यापेक्षा उडण्याची काळजी जास्त करा. वाऱ्याचा पायाभूत (रचनेच्या गणितासाठी मानकात दिलेला) वेग औरंगाबाद आणि सोलापूर दोन्हींसाठी ३९ मीटर प्रति सेकंद आहे. तुमच्या जागेचा नकाशावर बघून घ्या. ३९ ने मूळ दाब येतो चौरस मीटरला ९०० न्यूटनच्या थोडा वर, म्हणजे ९० किलोच्या जवळपास. छताच्या कोपऱ्यांवर वारा खेचतो तो याच्या दीडपट-दुपटीपर्यंत जातो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ५ किलो. बाकी सगळं स्क्रूंनी धरायचं असतं. कडेपासून रुंदीच्या १५ टक्क्यांपर्यंतच्या पट्ट्यात पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) जवळ घ्या आणि प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारा. मध्ये एक सोडून एक चालेल. स्क्रू उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या घळीत नाही. रबरी वायसर जरासा फुगेल एवढाच आवळायचा. चपटा होऊन बाहेर आला की तो दोन उन्हाळ्यांत तडकतो. आणि ड्रिलचा लोखंडी कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने झाडायचा. तो राहिला तर पहिल्या पावसात नव्या पत्र्यावर तांबेऱ्याचे ठिपके उठतात आणि ठेकेदार म्हणतो पत्राच खराब आला.

पत्र्याखाली ५० मिलिमीटर रॉकवूल (खडकापासून केलेली लोकरीसारखी गादी) आणि मग जिप्समचं छत घ्या. उन्हासाठी तर आहेच, पण जोराचा पाऊस लागला की उघड्या पत्र्याखाली माइकवरचं भाषणही ऐकू येत नाही. उजेडासाठी मध्ये पारदर्शक पत्रे टाकायचा मोह आवरा. ते काही वर्षांत पिवळे पडतात, त्यांचे जोड गळतात, आणि सभागृहाला दिवसा अंधारच लागतो.

सभागृहाचं छत चार मजली भिंतीला जिथे टेकतं तिथे उतार भिंतीकडे येऊ देऊ नका. दोन छतांच्या मधली अडकलेली पन्हळ टाळता आली तर टाळाच. टाळता येत नसेल तर ती ६०० मिलिमीटर रुंद ठेवा, माणूस आत उभा राहून पाला काढू शकेल एवढी, आणि दोन्ही टोकं उघडी. भिंतीवर स्लॅबबरोबर ७५ मिलिमीटर बाहेर आलेली पट्टी ओता, तिच्या खाली पत्र्याची झाकणपट्टी १५० मिलिमीटर वर चढवा.

इमारतीच्या दिशेबद्दल थोडक्यात. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, खिडक्या उत्तर-दक्षिण. पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं, भांडार. लातूरच्या अक्षांशावर दीड मीटर उंच दक्षिण खिडकीला ६०० मिलिमीटरचा छज्जा मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर भर दुपारचं ऊन पूर्ण अडवतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो हे पुष्कळजण विसरतात, म्हणून उत्तरेलाही ४५० चा छज्जा हवा. छताजवळ झरोके द्या. मेमध्ये दिवसा खिडक्या बंद आणि रात्री झरोके उघडे, हीच इथली जुनी रीत.

स्लॅब कधी ओतायचा हे तारखेने ठरवा. आर्थिक वर्ष संपवण्याच्या घाईत मार्च-एप्रिलमध्ये ओतला जातो आणि पाण्याअभावी मरतो. ओलं काँक्रीट आणि गरम कोरडा वारा एकत्र आले की तासाभरात वरून उभ्या-आडव्या चिरा पडतात, त्या आयुष्यभर गळतात. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देण्यासाठी, आळी करून ५० मिलिमीटर पाणी उभं केलं तर १०८० चौरस मीटरला ५४ हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे पाच-सहा टँकर. मेमध्ये रोज १० मिलिमीटरच्या वर उडून जातं. तेवढी भर घालायला रोज एक टँकर. २०१६ साली लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं. तशा साली स्लॅबला टँकर कोण देणार? नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही ओतायची वेळ. तरीही उन्हाळ्यात करावंच लागलं तर संध्याकाळी सुरू करा, काँक्रीट पडताना ४० अंशांच्या आत हवं, वरून लगेच प्लास्टिक, आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटला कमीत कमी १० दिवस, शक्यतो १४ दिवस पाणी.

पाणी-चाचणी दोनदा: एकदा उघड्या स्लॅबवर, एकदा जलरोधक थरानंतर, दोन्ही वेळा ७२ तास. उताराच्या छतावर एक मेख आहे. पाइपाशी ५० मिलिमीटर पाणी उभं केलं तरी कण्याकडचा जवळपास निम्मा स्लॅब कोरडाच राहतो आणि ‘चाचणी उत्तीर्ण’ असा कागद तयार होतो. म्हणून उताराला आडवे मॉर्टारचे बांध घालून प्रत्येक बाजूचे तीन पट्टे करा आणि प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या टोकाला २५ मिलिमीटर पाणी दिसलं पाहिजे असं लिहा.

शेवटी काळी माती. छतावरून सेकंदाला ३० लिटर आणलंत आणि पाइप जोत्याशी सोडून दिलात तर तिथली माती फुगेल, दहा फुटांवरची कोरडी राहील, आणि पाइपाजवळच्या भिंतीला तिरकी चीर पडेल. लोक पायाला दोष देतात, दोष पाइपाच्या पायथ्याचा असतो. पाया अंडर-रीम्ड पाइलवर (जमिनीत खोल गेलेले, तळाशी फुगवटा असलेले खांब), जोत्यात मुरूम, भोवती दीड-दोन मीटरचा फरसबंद पट्टा, आणि प्रत्येक पाइप चेंबरमध्ये. तिथून बंद गटाराने इमारतीपासून दूर, टाकीत. ७०० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के हाती लागतं असं धरलं तर वर्षाला सहा लाख लिटर मिळतात; पहिल्या पावसाचं पाणी वेगळं सोडायला झडप ठेवा. बागेला आणि स्वच्छतागृहांना ते पुरतं तेवढे महिने पुरवा.

निविदेत जलरोधक कामाची दहा वर्षांची हमी मागा, आणि तीच व्यक्ती पाइपांची तोंडं, पाळ्या, खुंट सगळं करील असं लिहा. काम तिघांत वाटलं की गळती कुणाचीच नसते. गच्चीवर जायला शिडी नको, पूर्ण जिना हवा. शिडी असेल तर वर कुणी जात नाही. मृगाच्या आधी, साधारण १५ ते ३१ मेच्या दरम्यान, दहाही जाळ्या काढून प्रत्येक पाइपात दोन बादल्या पाणी ओतायचं आणि खाली चेंबरमध्ये ते आलं का हे दुसऱ्या माणसाने उभं राहून बघायचं. या कामाला दोन माणसं आणि एक सकाळ लागते.